किरणोत्सर्गाचा आजार: माणसांवर चाचणी घेता येत नाही, तर औषध सिद्ध कसं होतं?

ज्या घरात कुणी केमोथेरपी घेतली आहे, तिथे एक इंजेक्शन सगळ्यांच्या ओळखीचं असतं. केमो झाल्यावर पोटाच्या कातडीखाली टोचायची, फ्रीजमध्ये जपून ठेवलेली छोटी भरलेली सिरिंज. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या औषधांच्या दुकानांत लोक ते 'पेशी वाढवायचं इंजेक्शन' म्हणूनच मागतात. औषधाचं नाव फिलग्रॅस्टिम. केमोमुळे घसरलेल्या पांढऱ्या पेशी ते लवकर वर आणतं. १९९१ पासून ते वापरात आहे आणि आता भारतीय कंपन्याही बनवतात.

हेच औषध ३० मार्च २०१५ रोजी अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) आणखी एका आजारासाठी मंजूर केलं: अणुस्फोटात, अणुभट्टीच्या अपघातात किंवा हरवलेल्या किरणोत्सर्गी तुकड्यामुळे अंगभर किरणांची मोठी मात्रा बसलेल्या माणसांसाठी. त्या मंजुरीच्या कागदपत्रांत औषध लागू पडतं हे सिद्ध करणारी, किरणोत्सर्ग झालेल्या माणसांवरची एकही चाचणी नाही, आणि ती असणं शक्यही नाही. निरोगी माणसांना प्राणघातक किरणं देऊन अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना नुसतं पाणी टोचायला कुणी धजावणार नाही, धजावूही नये. खरे अपघात क्वचित होतात, प्रत्येक वेळी वेगळे असतात आणि त्यात सापडलेली माणसं मोजकी असतात.

मग हे औषध उपयोगी पडतं, हे ठरवलं कसं? या क्षेत्रातलं जवळजवळ सगळं काम या एका प्रश्नाभोवती फिरतं.

शरीरात नेमकं काय बिघडतं

आधी एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. किरणं अंगातून आरपार गेली, तर माणूस बाधित होतो, पण स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. एक्सरे काढून आलेल्या माणसाला हात लावायला आपण घाबरत नाही, तसंच हे. किरणोत्सर्गी धूळ अंगावर, कपड्यांवर किंवा पोटात गेली, तर मात्र ती धूळ किरणं सोडत राहते. पहिल्या प्रकारात झालेली इजा सावरायची असते, दुसऱ्यात आधी ती धूळ काढायची असते. धूळ बाहेरच्या बाहेर असेल तर कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुतलं की तिचा बहुतांश भाग निघून जातो. जखमी माणूस जिवावर बेतलेल्या अवस्थेत असेल तर धुण्यासाठी शस्त्रक्रिया थांबवायची नाही, हेही इथलं पक्कं धोरण आहे.

शरीराला मिळालेली मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. सगळ्या अंगाला साधारण १ ग्रेपेक्षा जास्त मात्रा थोड्या वेळात बसली की आजार दिसू लागतो. काहीच उपचार न मिळाल्यास साडेतीन ते साडेचार ग्रेला निम्मी माणसं ६० दिवसांत दगावतात. चांगली शुश्रूषा मिळाली तर हा आकडा सहा-सातच्या आसपास सरकतो. ती शुश्रूषा म्हणजे स्वच्छ खोली, अँटिबायोटिक, प्लेटलेट्स आणि सलाइन. नव्या औषधांचं कौतुक करण्याआधी हा आकडा समोर ठेवावा, कारण इतका मोठा फरक पाडणारं एकही नवं औषध अजून आलेलं नाही.

किरणांचा सर्वांत मोठा घाव भराभर विभागणाऱ्या पेशींवर बसतो. हाडांच्या पोकळीतली मज्जा म्हणजे रक्तपेशींचा कारखाना, आणि मात्रा वाढली की तो बंद पडतो. पण रस्त्यावर आधीच उतरलेला माल लगेच संपत नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस टिकतात, प्लेटलेट्स आठ-दहा दिवस, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मात्र रक्तात काही तासच. त्यामुळे पहिल्या दिवशी उलट्या होऊन गेल्यावर माणूस एखाद-दोन आठवडे बरा वाटतो. हिंडतो, जेवतो, घरी जायचं म्हणतो. आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट्स दोन्ही तळाला जातात. साधे जंतू रक्तात पसरतात, हिरड्यांतून, आतड्यातून रक्त येतं. मृत्यू यातूनच होतो. उपचार करणाऱ्यांच्या हातात जो वेळ असतो, तो हाच मधला फसवा काळ.

सहा ग्रेच्या पुढे आतड्याचं अस्तरही कोसळतं. हे अस्तर दर तीन-पाच दिवसांनी नवं होत असतं, ते नवं होणं थांबलं की पाणी आणि क्षार वाहून जातात आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. त्याहून खूप वरच्या मात्रेत मेंदू आणि रक्तवाहिन्या जातात आणि माणूस दोन-तीन दिवसांत संपतो. तिथे आजही वेदना कमी करण्यापलीकडे काही करता येत नाही.

किती मात्रा बसली, हे कसं कळतं

औषध द्यायचं की नाही, हे मात्रेवर ठरतं, आणि अपघातातल्या माणसाच्या छातीवर बहुधा मात्रा मोजणारा बिल्ला नसतो. मग शरीरालाच विचारावं लागतं.

पहिली खूण उलटीची. संपर्कानंतर दोन तासांनी उलटी झाली तर मात्रा साधारण एक ते दोन ग्रे, एक ते दोन तासांत झाली तर दोन ते चार, तासाच्या आत झाली तर चारच्या वर असा अंदाज बांधतात. ही खूण फसवी आहे. भीतीनेही उलटी होते, आणि गर्दीत एकाला झाली की शेजारच्यालाही होते. त्यामुळे वेळ लिहून ठेवायची, पण निकाल तिच्यावर सोडायचा नाही.

दुसरी खूण जास्त भरवशाची: लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी किती वेगाने घसरतात ते. इतर पेशी विभागताना मरतात, लिम्फोसाइट मात्र बसल्याजागी मरतात, म्हणून त्यांचा आकडा तासांत खाली येतो. त्यासाठी साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पुरते. पहिले दोन-तीन दिवस ती दर सहा ते बारा तासांनी करायची आणि प्रत्येक नळीवर रक्त काढल्याची वेळ मिनिटासकट लिहायची. एकच आकडा फारसं काही सांगत नाही, उतार सांगतो. चोवीस तासांत आकडा निम्म्यावर आला तर प्रकरण गंभीर आहे असं धरून चालावं. तालुक्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेतही ही तपासणी होते, हे तिचं मोठेपण.

तिसरी तपासणी गुणसूत्रांची. किरणांनी तुटलेली दोन गुणसूत्रं चुकीच्या टोकांनी जोडली गेली की दोन मध्यबिंदू असलेलं एक विचित्र गुणसूत्र तयार होतं. निरोगी माणसाच्या हजार पेशींत असं गुणसूत्र एखादंच सापडतं, त्यामुळे जास्त सापडली की ती मोजून मात्रा काढता येते. मुंबईत तुर्भे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या तंत्रावर अनेक वर्षं काम चालू आहे. ही तपासणी बिघडते ती बहुतेक वेळा रक्त पोहोचण्याआधीच. रक्त हेपरिन (रक्त साकळू न देणारं द्रव्य) असलेल्या नळीत घ्यावं लागतं, सीबीसीच्या नेहमीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलं तर पेशी वाढवता येत नाहीत. गोठवलं तर वाया. विमानतळावर सामानाच्या एक्सरेतून गेलं तर मोजणीवर शंका. रुग्णाला दुसऱ्याचं रक्त चढवण्याआधी नमुना घेतला नाही तर परक्या पेशीही मोजल्या जातात. शिवाय पेशी वाढवायलाच ४८ तास लागतात, म्हणून औषध सुरू करण्यासाठी या अहवालाची वाट पाहायची नसते. दोन ग्रेपेक्षा जास्त मात्रा बसल्याचा संशय आला की फिलग्रॅस्टिम लगेच सुरू करायचं.

माकडांवरची ती चाचणी

२००२ मध्ये एफडीएने एक नियम केला. इंग्रजीत त्याला 'ॲनिमल रूल' म्हणतात. ज्या औषधाची परिणामकारकता माणसांवर तपासणं अनैतिक किंवा अशक्य आहे, त्याला प्राण्यांवरच्या पुराव्यावर मंजुरी देता येते, पण चार अटींवर. इजा कशी होते आणि औषध ती कशी कमी करतं, हे नीट कळलेलं असावं. परिणाम एकाहून जास्त प्राणिजातींत दिसावा, किंवा एकाच पण अतिशय चांगल्या अभ्यासलेल्या जातीत. प्राण्यात जे मोजलं, तेच माणसात हवं असलेलं फळ असावं, म्हणजे बहुधा जगणं. आणि औषध रक्तात किती पोहोचतं याची माहिती इतकी पक्की असावी की माणसाचा डोस ठरवता यावा. औषध सुरक्षित आहे का, हे मात्र माणसांवरच तपासावं लागतं. तिथे सूट नाही.

मेरिलंड विद्यापीठात झालेल्या फिलग्रॅस्टिमच्या चाचणीत या अटी कशा पाळल्या, ते जवळून पाहण्यासारखं आहे. ऱ्हीसस जातीच्या माकडांना सगळ्या अंगावर ७.४ ग्रे मात्रा दिली. ७.४ हा आकडा आधीच्या प्रयोगांतून आला होता. या मात्रेला या माकडांपैकी साधारण निम्मी ६० दिवसांत मरतात. मात्रा कमी ठेवली तर औषधाशिवायही बहुतेक जगतात आणि फरक दिसत नाही. जास्त ठेवली तर औषध देऊनही सगळी मरतात आणि पुन्हा फरक दिसत नाही. औषधाची परीक्षा त्या मधल्या चढावरच होऊ शकते.

औषध दुसऱ्या दिवशी सुरू केलं, लगेच नाही, कारण खऱ्या अपघातात औषध पोहोचायला इतका वेळ लागणारच. दोन्ही गटांना सलाइन, अँटिबायोटिक आणि वेदनाशामकं सारख्याच नियमांनी दिली. कुठल्या प्राण्याला औषध आणि कुठल्याला नुसतं द्रावण मिळतंय, हे काळजी घेणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. त्याला एक वेदनादायक कारण आहे. हाल असह्य झालेल्या प्राण्याला शांतपणे मरण द्यावं लागतं आणि तो मृत्यूही मोजणीत धरतात. तो निर्णय घेणाऱ्याला औषधाची वाटणी माहीत असेल तर नकळत हात आखडतो किंवा सैल पडतो. म्हणून वजन किती घटलं, ताप किती, प्राणी उठतो का, याचे निकष आधीच लिहून ठेवतात.

जास्तीत जास्त ६२ माकडं वापरायची योजना होती. ४६ झाल्यावर ठरल्याप्रमाणे मधला हिशोब केला आणि चाचणी तिथेच थांबवली. औषध मिळालेल्या २४ पैकी ५ मेली होती, न मिळालेल्या २२ पैकी १३. म्हणजे २१ टक्क्यांसमोर ५९ टक्के.

फिलग्रॅस्टिमनंतर नोव्हेंबर २०१५ मध्ये पेगफिलग्रॅस्टिम, मार्च २०१८ मध्ये सारग्रामोस्टिम आणि जानेवारी २०२१ मध्ये रोमिप्लोस्टिम मंजूर झालं. पहिली तीन पांढऱ्या पेशी वाढवतात, रोमिप्लोस्टिम प्लेटलेट्स. चारही औषधं आधीपासून कर्करोगाच्या किंवा रक्ताच्या आजारांत वापरात होती, हा योगायोग नाही. फक्त अणुअपघातासाठी बनवलेल्या औषधाला गिऱ्हाईक एकच, सरकार, आणि तेही माल गोदामात ठेवणारं. मुदत संपली की तो टाकून द्यायचा. रोज वॉर्डात लागणारं औषध असेल तर साठा फिरता ठेवता येतो: मुदत जवळ आली की रुग्णालयाला द्या, नवा आणून ठेवा. मानवी सुरक्षिततेची वर्षानुवर्षांची नोंदही फुकट मिळते.

आकड्यांची तुलना करताना जपून. सारग्रामोस्टिमच्या चाचणीत ७८ टक्के माकडं जगली, औषधाशिवाय ४२ टक्के. पेगफिलग्रॅस्टिममध्ये ९१ विरुद्ध ४८. यावरून दुसरं औषध चांगलं असं म्हणता येत नाही. सारग्रामोस्टिम ४८ तासांनी सुरू केलं होतं आणि त्या माकडांना रक्त चढवलं नव्हतं, प्रत्येकाची तब्येत पाहून अँटिबायोटिकही दिली नव्हती. हजारो जखमी आणि मोजके डॉक्टर अशी वेळ आली तर नेमकं तेच चित्र असेल. माझ्या मते हा प्रयोग वास्तवाच्या सर्वांत जवळचा आहे.

माकडाचा डोस माणसाला कसा लावायचा, हे वेगळंच अवघड काम. रोमिप्लोस्टिम माकडांना किलोमागे ५ मिलीग्रॅम दिलं. माणसाचा डोस मात्र किलोमागे १० मायक्रोग्रॅम, तोही एकदाच. पाचशेपट फरक! हे औषध माणसाच्या पेशींवरची खूण ओळखण्यासाठी बनवलेलं आहे, माकडाच्या पेशींना ते तितकं नीट चिकटत नाही. म्हणून नुसतं वजनाचं त्रैराशिक मांडून चालत नाही. प्लेटलेट्स किती वाढतात, हा दुवा धरून हिशोब करावा लागतो. फिलग्रॅस्टिमच्या बाबतीत गणित सरळ होतं: रोज किलोमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६०० मायक्रोग्रॅम. सीबीसी दर तीन दिवसांनी करायची आणि न्यूट्रोफिल सलग तीन तपासण्यांत हजाराच्या वर राहिले की थांबायचं.

ही औषधं नवी मज्जा बनवत नाहीत. वाचलेल्या थोड्या मूळ पेशींना ती कामाला लावतात. मज्जेत काहीच उरलं नसेल तर त्यांनी हाक मारायची कुणाला?

म्हणूनच शुश्रूषा निम्मं औषध असते. प्लेटलेट्स आणि तांबड्या पेशी चढवताना एक काळजी घ्यावी लागते, आणि ती पहिल्यांदा ऐकताना उफराटी वाटते: त्या पिशव्यांनाच आधी २५ ग्रे किरणं देतात. दात्याच्या रक्तातले जिवंत लिम्फोसाइट, प्रतिकारशक्ती संपलेल्या रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू शकतात. २५ ग्रेमध्ये ते निकामी होतात, तांबड्या पेशी आणि प्लेटलेट्स मात्र चालतात.

मग सरळ मज्जाच का बदलत नाहीत

हा प्रश्न सत्तर वर्षं जुना आहे. शिकागोत लिऑन जेकबसन यांनी १९४९ च्या सुमारास उंदरांची प्लीहा (त्यांच्यात रक्तपेशी बनवणारा पोटातला अवयव) शिशाने झाकून बाकी अंगाला प्राणघातक मात्रा दिली, तर उंदीर जगले. पुढे १९५१ मध्ये नुसती मज्जा टोचूनही उंदीर जगतात हे दिसलं. १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातल्या व्हिन्चा इथल्या अणुभट्टीत सहा जणांना मोठी मात्रा बसली. त्यांना पॅरिसला नेलं आणि जॉर्ज माते यांनी पाच जणांना अनोळखी फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. सहांपैकी एक दगावला. बाकीचे मज्जेमुळे जगले की स्वतःच्याच बळावर, यावर पुढे बराच वाद झाला.

चेर्नोबिलने उत्तर स्पष्ट केलं. १९८६ च्या त्या अपघातात १३४ जणांना किरणोत्सर्गाचा तीव्र आजार झाला, त्यांतले २८ पहिल्या चार महिन्यांत गेले. मॉस्कोत १३ जणांवर मज्जारोपण केलं, त्यांतले बहुतेक वाचले नाहीत. कारणं तीन. अनेकांची त्वचा मोठ्या भागावर भाजलेली होती आणि मज्जा बदलून भाजलेली त्वचा भरून येत नाही. काहींच्या शरीरात परक्या मज्जेने उलटा हल्ला केला. आणि जे वाचले, त्यांची स्वतःचीच मज्जा हळूहळू पुन्हा उभी राहिली होती. अपघातात मात्रा सगळीकडे सारखी बसत नाही. भिंतीच्या, यंत्राच्या आडोशाला असलेलं एखादं हाड बचावतं आणि तेवढी मज्जाही पुरते. आज रोपणाचा विचार होतो तो मात्रा खूप जास्त, भाजणं नाही, आतडं शाबूत आणि दोन-तीन आठवडे औषध देऊनही पेशी येत नाहीत अशाच वेळी. अशी माणसं फार थोडी असतात.

पोटात गेलेलं बाहेर काढणं

सप्टेंबर १९८७. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात, सोडून दिलेल्या किरणोपचार केंद्रातलं यंत्र भंगार म्हणून उचललं गेलं. आतली कुपी फुटली. तिच्यात सीझियम १३७ ची भुकटी होती, अंधारात निळसर चमकणारी. लोकांनी ती नातेवाइकांत वाटली, अंगाला चोळली, त्याच हातांनी जेवली. सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडलं, चार जण दगावले.

सीझियम शरीरात पोटॅशियमसारखं वागतं, सगळ्या स्नायूंत पसरतं. पण त्याची एक सवय उपयोगी आहे: ते आतड्यात झिरपतं आणि तिथून पुन्हा रक्तात शोषलं जातं, असं फिरत राहतं. प्रशियन ब्लू हा चित्रकारांच्या ओळखीचा गडद निळा रंग पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातून रक्तात जात नाही. त्याच्या स्फटिकाच्या जाळीत सीझियम अडकून बसतं आणि शौचावाटे बाहेर पडतं. गोयानियात ४६ जणांना तो दिला. शरीरातलं सीझियम निम्मं व्हायला सुमारे ११० दिवस लागतात, प्रशियन ब्लूने ते ३० दिवसांवर येतं.

प्रौढांचा डोस दिवसातून तीनदा ३ ग्रॅम. कॅप्सूल अर्ध्या ग्रॅमची, म्हणजे दिवसाला अठरा कॅप्सूल, आणि हे किमान महिनाभर. गिळवत नसेल तर कॅप्सूल उघडून अन्नात कालवता येते, पण दात आणि तोंड निळं होतं. शौचही निळं होतं, हे आधीच सांगावं, नाहीतर माणूस घाबरून औषध सोडतो. खरी अडचण बद्धकोष्ठाची. आतडं हललं नाही तर सीझियम घेऊन बसलेला रंग तिथेच थांबतो आणि आतड्याला किरणं मिळत राहतात. म्हणून पाणी, चोथा असलेलं जेवण आणि पोटॅशियमची तपासणी चालू ठेवतात. भारतात डीआरडीओच्या दिल्लीतल्या इन्मास संस्थेने हे औषध देशात बनवण्याचं तंत्र विकसित केलं आहे. दिल्लीतच २०१० मध्ये मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट ६० चं जुनं उपकरण फोडलं गेलं आणि एकाचा मृत्यू झाला. तिथे मात्र प्रशियन ब्लू कामाचा नव्हता, तो कोबाल्टला धरत नाही. प्रत्येक मूलद्रव्याचा वेगळा इलाज असतो.

प्लुटोनियम आणि अमेरिशियमसाठी डीटीपीए हे शिरेतून द्यायचं औषध आहे. त्याचे दोन प्रकार आहेत, कॅल्शियमचा आणि झिंकचा, दोन्हींचा डोस १ ग्रॅम. पहिल्या चोवीस तासांत कॅल्शियमचा प्रकार जास्त पकड घेतो, पण तो शरीरातलं झिंकही ओढून नेतो, म्हणून दुसऱ्या दिवसापासून झिंकचा देतात. युरेनियमसाठी ते वापरत नाहीत. शिरेतून द्यावं लागणं हीच त्याची मोठी अडचण: हजारो लोकांना रोज सुई कोण लावणार? म्हणून तोंडाने घ्यायच्या 'होपो १४-१' या नव्या औषधावर काम चालू आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांवर त्याची सुरक्षिततेची चाचणी सुरू झाली. या स्वयंसेवकांना फक्त औषध मिळतं, प्लुटोनियम अर्थातच नाही.

आयोडीनच्या गोळीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. अणुभट्टीतून सुटलेलं किरणोत्सर्गी आयोडीन गळ्यातल्या थायरॉइडमध्ये साठतं. आधीच साध्या आयोडीनने थायरॉइड भरून टाकली तर त्याला जागा उरत नाही. प्रौढांना १३० मिलीग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, ३ ते १८ वर्षांच्या मुलांना ६५, महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत ३२, त्याहून लहान बाळाला १६. गोळी संपर्काच्या थोडी आधी किंवा नंतरच्या तीन-चार तासांत हवी, उशीर झाला तर उपयोग झपाट्याने घटतो. तिचा परिणाम सुमारे एक दिवस टिकतो. मुलांना ती सर्वांत आधी द्यावी, कारण चेर्नोबिलनंतर थायरॉइडचा कर्करोग वाढला तो लहानपणी बाधा झालेल्यांत. पोलंडने तेव्हा सुमारे १.८ कोटी डोस वाटले होते. सीझियम, कोबाल्ट किंवा बाहेरून आलेल्या किरणांवर ही गोळी काहीच करत नाही. २०११ मध्ये फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मीठ साठवलं. हिशोब करून पाहा: एका गोळीत सुमारे १०० मिलीग्रॅम आयोडीन असतं आणि एक किलो मिठात साधारण ३०. म्हणजे एका दिवसात तीन किलोहून जास्त मीठ खावं लागेल. त्या मिठानेच माणूस मरेल.

आतडं आणि कातडी

आधीच घेऊन ठेवायचं कवच बनवण्याचे प्रयत्न १९४९ पासून चालू आहेत. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत चार हजारांहून जास्त रसायनं तपासली, त्यातून ॲमिफोस्टिन निघालं. ते काम करतं, पण किरणांच्या आधी शिरेतून द्यावं लागतं, उलट्या करवतं आणि रक्तदाब पाडतं. बचावपथकातला माणूस उलट्या करत आगीत कसा शिरणार? आज ते डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या किरणोपचारात लाळग्रंथी वाचवण्यासारख्या मोजक्या कामांपुरतं उरलं आहे.

आतड्याच्या इजेसाठी प्राण्यांच्या नियमाने मंजूर झालेलं औषध अजून नाही. प्रयोगच अवघड आहे: आतडं कोसळेल इतकी मात्रा दिली की मज्जाही जाते आणि प्राणी नेमका कशाने मेला हे कळत नाही. म्हणून प्राण्याचे पाय झाकून सुमारे ५ टक्के मज्जा वाचवतात. मज्जा पुन्हा उभी राहण्याइतका काळ प्राणी जगतो आणि आतड्यावर औषधाचा परिणाम वेगळा पाहता येतो.

कातडीच्या बाबतीत एक वाट सापडली आहे. डिसेंबर २००५ मध्ये चिलीत वेल्डिंगचे जोड तपासणाऱ्या उपकरणातून इरिडियम १९२ चा तुकडा निसटला. एका कामगाराने तो उचलून मागच्या खिशात टाकला. तुकडा पेन्सिलच्या टोकाएवढा. असेच इरिडियमचे स्रोत भारतात नवी मुंबईतल्या वाशीच्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेतून उद्योगांना जातात, आणि हाताळणाऱ्याने धातूचा अनोळखी तुकडा कधीही हाताने उचलू नये, हा नियम त्यांच्यासाठीच आहे. त्या कामगाराच्या कातडीला मध्यभागी सुमारे २००० ग्रे मात्रा बसली.

अशा जखमेत घात हा, की कातडी आज लाल दिसते, पण आतलं मांस आठवड्यांनी, महिन्यांनी लाटेमागून लाट असं मरत जातं. शल्यविशारद मेलेला भाग कापतो, कलम लावतो, आणि दोन महिन्यांनी कलमाखालचं मांस पुन्हा मरतं. पॅरिसजवळच्या पर्सी लष्करी रुग्णालयात वेगळी पद्धत वापरली. कामगाराच्या शरीराची संगणकावर प्रतिकृती बनवून कुठल्या बिंदूला किती मात्रा बसली याचा नकाशा काढला आणि २० ग्रेपेक्षा जास्त मात्रा मिळालेला सगळा भाग एकदमच काढून टाकला, दिसायला चांगला असला तरी. मग त्याच्याच मज्जेतून वाढवलेल्या मूळ पेशी जखमेच्या कडांत टोचल्या. जखम भरली आणि वेदना थांबल्या. एका रुग्णावरून नियम ठरत नाही, पण पुढच्या काही अपघातांतही हीच पद्धत वापरली गेली.

प्राण्यांच्या पुराव्यावर मंजूर झालेल्या औषधांवर एक अट कायम असते: खरा अपघात झालाच तर ज्यांना औषध दिलं त्यांची नोंद ठेवून ती एफडीएला द्यायची. म्हणून त्या अर्जांचा मसुदा आधीच तयार ठेवलेला असतो. संपर्काची वेळ, पहिल्या उलटीची वेळ, प्रत्येक सीबीसीची वेळ आणि आकडे, पहिलं इंजेक्शन कधी दिलं, वजन, भाजलेला भाग, आणि साठाव्या दिवशी माणूस जिवंत आहे की नाही.